पुण्यात आयरिस होईल का? कुठली घ्यावी, कुठून घ्यावी?

बाल्कनीतली_बाग

नमस्कार मंडळी, एप्रिलअखेर काश्मीरला गेलो होतो, तिकडे आयरिस बघितली आणि वेडच लागलं. जांभळी, पांढरी, अगदी कब्रस्तानात सुद्धा लावलेली, कोणी निगा राखत असेल असंही वाटत नव्हतं. आता ऑनलाइन बघतेय तर "आयरिस बल्ब" ५ चे २९९ पासून वाट्टेल ते रेट, एकाने तर सप्तरंगी आयरिसच्या बिया ठेवल्यात. घर हडपसरला, पूर्वेची बाल्कनी, सकाळी १० पर्यंत ऊन येतं, शिवाय गच्चीवर दिवसभर कडक उन्हाची जागा आहे. चुलतबहीण डिसेंबरमध्ये न्यू जर्सीहून येणारे, तिला कंद आणायला सांगू का?

गच्ची_आणि_माती

ताई, बियांचं आधी कॅन्सल करा. तसले फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेले असतात, आणि खरं बी मिळालं तरी फूल यायला दोन-तीन वर्षं, त्यात रंग मूळ झाडाचा येईल याची खात्री नाही.

तुम्ही पाहिलीत ती बहुतेक बिअर्डेड आयरिस, खालच्या पाकळीवर केसाळ पट्टा असतो ती. तिला हिवाळ्यात सलग थंडी मिळाली तरच ती धड फुलते, आणि फुलून झाल्यावर कंद कोरडा, उन्हात तापलेला लागतो. आपल्याकडे थंडी जेमतेम रात्रीपुरती आणि उन्हाळा संपला की चार महिने पाऊस. पानं येतात, मस्त येतात, मग जुलैत बुडाशी मऊ पडतं आणि घाण वास सुटतो, खेळ खलास. महाबळेश्वर थंड आहे तिकडे होईल असं एकजण सांगत होते, अहो पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कंद टिकणार कसा?

तुमच्या बाल्कनीला वॉकिंग आयरिस घ्या. पिवळी मिळते आणि पांढरी-निळी मिळते, अर्धी सावली चालते. शास्त्राच्या हिशोबाने ही आयरिस नाही, त्याच कुळातली दुसरी जात, पण फूल बघून कोणी भांडायला येत नाही. फूल एका दिवसाचं असतं हे मात्र आधीच सांगून ठेवतो. नंतर दांड्याच्या टोकाला पिल्लू येतं, दांडा वाकून मातीला टेकला की तिथेच मूळ धरतं. गच्चीवर डायटिस लावा, मूळची दक्षिण आफ्रिकेची, एकदा रुळली की ऊन आणि पाण्याची हेळसांड दोन्ही सोसते. पांढऱ्या डायटिसचा दांडा फूल गेल्यावर कापू नका, त्याच दांड्यावर परत कळ्या येतात.

आणि नावाला आयरिसच हवी असेल तर ब्लॅकबेरी लिली! केशरी फूल, लाल ठिपके, शेंग फुटली की आत काळे चकचकीत बी. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला आयरिसमध्येच टाकली, तर ही खरीखुरी आयरिस आणि आपल्या हवेत सहज येणारी. लिली म्हणून विकतात एवढंच.

परसदारी_नाशिक

थोडं वेगळं मत. हिवाळ्यात डच आयरिसचे बल्ब येतात, कांद्यासारखे सालवाले, ते एका सीझनपुरते घ्यायला हरकत नाही. थंडीत ठेवून तयार केलेले असतील तर नोव्हेंबरात लावून फूल बघता येतं, पुढच्या वर्षी परत येतील ही आशा ठेवू नका. बुके घेतो तसं समजून घ्या. घेताना बल्ब दाबून बघा, टणक पाहिजे, हलका किंवा बुरशी लागलेला नको. म्हणूनच ऑनलाइनपेक्षा नर्सरीत जाऊन घेतलेलं बरं. वॉकिंग आयरिस, डायटिस घेताना तर फूल लागलेलं झाड दाखवा म्हणायचं, पानांवरून काही कळत नाही, आमच्या शेजारच्या काकू माझ्या डायटिसचं पान वेखंड समजून चुरगळून वास घेत होत्या 😄

एडिसनची_सून

मी न्यू जर्सीतच आहे, तर बहिणीचं मी सांगते. डिसेंबरमध्ये इथे आयरिस झोपलेली असते, जमीन गोठलेली, ती काय उकरणार बिचारी. इथे गड्डे जुलै-ऑगस्टमध्ये काढून वेगळे करतात, तीन-चार वर्षांनी करावंच लागतं नाहीतर दाटी होऊन फुलं कमी होतात, आणि लावताना वरची बाजू मातीच्या बाहेर उन्हात ठेवायची. इतके होतात की लोक फुकट वाटतात, मी पण वाटते. पण भारतात बॅगेत टाकून आणता येत नाहीत हो. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे लागवडीच्या कंदाला इम्पोर्ट परमिट आणि इकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) दोन्ही लागतं. नाहीतर एअरपोर्टवर जप्त. तिच्याकडून चॉकलेटच मागवा.

बाल्कनीतली_बाग

बापरे, बरं झालं विचारलं, बहिणीला मेसेज टाईप करून ठेवला होता. मग वॉकिंग आयरिस आणि ब्लॅकबेरी लिली नक्की. डच आयरिसचा मोह होतोय पण एका सीझनला एवढे पैसे घालवायचे म्हणजे घरचे बोलणार. माती काय घेऊ? नर्सरीवाला नुसती लाल माती देतो.

गच्ची_आणि_माती

नुसती लाल माती कुंडीत दगड होते. निम्मी माती, बाकी कोकोपीट आणि गांडूळ खत, ब्लॅकबेरी लिलीच्या कुंडीत मूठभर वाळू जास्त आणि ती गच्चीवर, बाल्कनीतल्या उन्हावर नीट फुलणार नाही. कुंडीखाली बशी ठेवू नका पावसाळ्यात. वॉकिंग आयरिस विकत घेऊ नका, माझ्याकडे पिवळीची पिल्लं आहेत, मगरपट्ट्याजवळच राहतो. जूनमध्ये पाऊस लागला की मेसेज करा, ओल्या पेपरात गुंडाळून देतो.