मदत हवी आहे: पोकेमॉन स्कार्लेटची कथा संपली, आता सेव्ह पुसू की ठेवू?

शंकासुर (धागाकर्ता)

स्विचवरचा पोकेमॉन स्कार्लेट. जिम, टायटन, टीम स्टार या कथेच्या तिन्ही वाटा संपल्या, शेवटचं एरिया झीरोही झालं, श्रेयनामावली वर सरकून गेली. टीम ६८ ते ७२ लेव्हलची, पोकेडेक्समध्ये (पोकेमॉनची नोंदवही) ४०० पैकी साधारण २६० नोंदी. डीएलसी (वेगळं विकत मिळणारी भर) घेतलेलं नाही. नकाशावर समोर येईल ते एका फटक्यात आडवं होतं, त्यामुळे खेळण्यात राम उरलेला नाही. जाणकारांकडून चार गोष्टी हव्यात:

१) पाच ताऱ्यांच्या टेरा रेड (चौघांनी मिळून एका बॉसशी लढायच्या लढाया) कुठेच दिसत नाहीत. काय करायचं राहिलंय?
२) ई.व्ही. (लढून वाढणारे गुणांचे आकडे), आय.व्ही. (जन्मजात आकडे), नेचर (एक गुण वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) या भानगडीत पडावं का? पडलोच तर उपयोग नेमका कुठे?
३) सेव्ह पुसून नझलॉक (पडलेला पोकेमॉन कायमचा बाद, अशा स्वतःच घातलेल्या नियमांनी खेळणं) सुरू करायचा विचार आहे. पुसण्याआधी काय सांभाळू?
४) कथा संपल्यावरही दमदार खेळ उरतो असे याच जातकुळीतले दुसरे गेम सुचवा.

याद्या शोधल्या की ढिगाने सापडतात. आधी काय आणि नंतर काय, हे मात्र कुणी धड सांगत नाही.

आकडेमोड

पहिल्याचं उत्तर: आठही जिम लीडरशी पुन्हा लढा. या खेपेला त्यांच्या टीम ६५-६६ लेव्हलच्या असतात, तुमच्या टीमला वेगळी तयारी लागणार नाही. आठ झाले की अकॅडमीत एस टूर्नामेंट सुरू होते. ती एकदा जिंकलात की पाच ताऱ्यांच्या रेड उघडतात. त्यानंतर चार किंवा जास्त ताऱ्यांच्या १० रेड पूर्ण करा, मग अकॅडमीतल्या जॅक सरांचा फोन येतो आणि नकाशावर सहा ताऱ्यांचे काळे स्फटिक दिसू लागतात.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. आतापर्यंतची प्रत्येक लढाई नुसत्या लेव्हलच्या जोरावर जिंकता आली, म्हणून गेम संपल्यासारखा वाटतोय. पाच ताऱ्यांचा बॉस ७५ लेव्हलचा असतो, सहाचा ९० चा. तिथे कथेतली टीम पार कोलमडते. ई.व्ही.ची मेहनत कामाला येते ती तिथेच. म्हणून आधी कोणता बॉस पाडायचा ते ठरवा, मग त्याच्यासाठी एक पोकेमॉन तयार करा. सहाच्या सहा घडवायला बसलात तर दुसऱ्यावरच कंटाळा येईल.

तुमच्याकडे स्कार्लेट आहे म्हणजे रेडसाठी सगळ्यांचा लाडका आयर्न हँड्स नाही, तो व्हायोलेटमध्ये मिळतो. दोन्हीकडे सहज मिळणारा अॅनाइहिलेप घ्या:

- मँकी पकडा, २८ व्या लेव्हलला प्राइमेप होतो, ३५ ला रेज फिस्ट शिकतो. रेज फिस्ट २० वेळा वापरून मग एक लेव्हल वाढवली की अॅनाइहिलेप.
- चाली: रेज फिस्ट, ड्रेन पंच, स्क्रीच, बल्क अप. हातात शेल बेल.
- ई.व्ही.: एचपी २५२, अटॅक २५२, उरलेले ६ डिफेन्सला. एकूण मर्यादा ५१०, एका गुणाला जास्तीत जास्त २५२.
- नेचर अॅडमंट. नसेल तर अॅडमंट मिंट (नेचरचा परिणाम बदलणारी वस्तू).
- टेरा टाइप (लढाईत टेरा केल्यावर पोकेमॉनला मिळणारा टाइप) घोस्ट. बदलायला त्या टाइपचे ५० टेरा शार्ड लागतात.
- लेव्हल १००. रेडमधून मिळणाऱ्या एक्स्पी कँडी त्यासाठीच राखून ठेवा.

रेज फिस्टची ताकद मुळात ५०. अंगावर बसलेल्या प्रत्येक फटक्यामागे ती आणखी ५० ने वाढते, कमाल ३५०. बॉस मध्येच तुमचे वाढवलेले गुण पुसतो, तेव्हा बेली ड्रमवर (निम्मा एचपी देऊन अटॅक कमाल करणारी चाल) उभी असलेली ॲझुमरिल बसकण मारते. फटक्यांची मोजणी म्हणजे वाढवलेला गुण नव्हे, त्यामुळे ती शाबूत राहते. मी ॲझुमरिलच्या आधी याला निवडतो ते यासाठी.

रिकामटेकडा

वरच्याला +१. खर्चाचा हिशोब जोडतो. व्हिटॅमिन (ई.व्ही. वाढवणारं औषध) १०,००० ला एक, एकातून १० ई.व्ही. म्हणजे एका गुणाला २६ (शेवटच्यातून फक्त २ लागतात), दोन गुणांना ५२, झाले ५,२०,०००. मिंट २०,०००. आय.व्ही. कमी असतील तर बॉटल कॅप (आय.व्ही. कमाल करून देणारी वस्तू), डेलिबर्ड प्रेझेंट्स या दुकानात २०,००० ला एक, एका कॅपला एक गुण. माँटेनेव्हेरा गावात वापरता येते, पोकेमॉन किमान ५० लेव्हलचा हवा. तीन कॅप धरल्या तर बरोबर सहा लाख. अम्युलेट कॉइन (बक्षिसाची रक्कम दुप्पट करणारं नाणं) हातात देऊन एस टूर्नामेंट परत परत खेळा, पैसा जमतो.

पैसे वाचवायचे असतील तर पॉवर आयटम. हरवलेल्या पोकेमॉनचा १ ई.व्ही. आणि आयटमचे ८ असे ९ मिळतात, २८ लढायांत २५२ भरतात. एचपीसाठी पॉवर वेट देऊन २८ लेचॉंक पाडा. पण आर बटण दाबून पोकेमॉनला एकट्याला पुढे धाडायचं, त्या आपोआप होणाऱ्या झटापटीत ई.व्ही. मिळत नाहीत. लढाई स्वतः लढावी लागते. निम्मे लोक इथेच फसतात.

शंकासुर

दोघांनाही धन्यवाद! जिमची फेरी झाली, टूर्नामेंटही. पण घोडं पेंड खातंय. कथेत पहिल्यापासून वापरलेला प्राइमेप होता, त्याचाच अॅनाइहिलेप केला. प्रोटीन (अटॅकचं व्हिटॅमिन) द्यायला गेलो तर चार दिल्यावर "परिणाम होणार नाही" असं येतंय, आणि अटॅक काही २५२ ला पोचलेला नाही. गेम बिघडलाय का?

आकडेमोड

गेम ठणठणीत आहे, तुमची ५१० ची टाकी भरलीय. एक्स्पी शेअर सगळ्या टीमला अनुभव देतो तसे ई.व्ही.ही देतो आणि तो बंद करता येत नाही. कथाभर सोबत असलेल्या पोकेमॉनमध्ये स्पेशल अटॅक, स्पीड असे नको ते आकडे साचलेले असतात. दोन उपाय:

अ) बेरी खायला घाला, दर बेरीला त्या गुणाचे १० ई.व्ही. उतरतात. स्पेशल अटॅकसाठी हॉन्ड्यू, स्पेशल डिफेन्ससाठी ग्रेपा, स्पीडसाठी टमाटो, डिफेन्ससाठी क्वालॉट. एचपीची पोमेग आणि अटॅकची केल्प्सी यांना हात लावू नका. आधी गुणांचा आलेख बघून कोणता गुण फुगलाय ते ठरवा.

ब) नवा मँकी पकडा आणि लगेच व्हिटॅमिन द्या, एकही लढाई न लढता. नंतर कँडीने लेव्हल वाढवा, कँडीतून ई.व्ही. येत नाहीत. मात्र रेज फिस्टच्या २० वारांआधी व्हिटॅमिनचं काम उरकून घ्या, नाहीतर त्या लढायांतून पुन्हा कचरा जमेल.

मी ब सुचवेन. कोणती बेरी किती लागेल ते मोजत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. (डीएलसीच्या पहिल्या भागात फ्रेश-स्टार्ट मोची मिळते, एकच खाल्ली की सगळे ई.व्ही. शून्य.)

अंडी घालत बसायची आता गरज नाही, हेही सांगून ठेवतो. पूर्वी डेस्टिनी नॉट (आईबापांच्या १२ पैकी ५ आय.व्ही. पिल्लात उतरतात) आणि एव्हरस्टोन (नेचर उतरतं) घेऊन शेकडो अंडी फोडावी लागत. मिंट आणि कॅपने ते काम संपवलं. अंड्यांचा उपयोग उरला तो वेगळ्या भाषेच्या गेममधला जोडीदार घेऊन शायनी (वेगळ्या रंगाचा दुर्मीळ पोकेमॉन) शोधण्यापुरता. आणि मिंटने बदललेलं नेचर अंड्यात उतरत नाही, मूळचंच उतरतं.

तिरकस

रेडमध्ये हरण्याचं सगळ्यात मोठं कारण कुणी सांगितलंच नाही. पडद्यावर दिसणारा टेरा टाइप बॉसच्या बचावाचा असतो, हल्ले बहुतेक मूळ टाइपचेच येतात. समोर टेरा स्टीलचा गार्डेव्हॉर आला की लोक खुशीत फायटिंगवाला अॅनाइहिलेप काढतात. ड्रेन पंच दुप्पट बसतो, मान्य. पण गार्डेव्हॉर मूळचा सायकिक-फेअरी, त्याचे दोन्ही टाइप अॅनाइहिलेपला दुप्पट लागतात. प्रत्येक वेळी बेशुद्ध पडलात की वेळेची पट्टीही घटते, मग बॉसचा एचपी बोटभर उरलेला असताना रेड हातची जाते. निवडताना दोन प्रश्न वेगळे विचारा: मारणार कशाने, आणि मार खाणार कशाचा?

दुसरं, स्क्रीच सुरुवातीलाच दोन-तीनदा मारून घ्या. ढाल चढली की असल्या चाली बॉसवर लागू पडत नाहीत. ढालीवर टेरा केलेल्या पोकेमॉनचा वार जास्त चालतो, आणि टेरा ऑर्ब भरायला तीन हल्ले करावे लागतात. म्हणून नुसतं बल्क अप करत बसू नका.

आता नझलॉक. माझ्या मते स्कार्लेट हा नझलॉकसाठी गैरसोयीचा गेम आहे. सेट मोड (समोरचा पडल्यावर आपला फुकट बदलू न देणारा) नाही, एक्स्पी शेअर बंद होत नाही, आणि "त्या भागात पहिला भेटेल तोच पकडायचा" या नियमाला अर्थ राहत नाही, कारण सगळे लांबूनच दिसतात आणि मनपसंत निवडता येतो. तरी करायचंच असेल तर नियम असे बांधा:

- भागाच्या हद्दीत पाऊल टाकलं की सगळ्यात जवळचा जो दिसेल तो. हुकला तर तो भाग संपला.
- समोरचा पडल्यावर "बदलायचा का" असं विचारलं की दरवेळी नाही.
- लढाईत पिशवी बंद, टेरा रेड आणि कँडी बंद.
- लेव्हलची मर्यादा पुढच्या लीडरच्या सगळ्यात मोठ्या पोकेमॉनइतकी: केटी १५, ब्रासियस १७, आयोनो २४, कोफू ३०, लॅरी ३६, राइम ४२, ट्यूलिप ४५, ग्रुशा ४८. शेवटी लीगमध्ये गीता ६२.

मधल्या जागी टायटन आणि टीम स्टार बसतात. टायटन क्लॉफ १६, म्हणजे केटीनंतर. टीम स्टारची एरी ५६, म्हणजे ग्रुशानंतर. हा क्रम गेम सांगत नाही आणि समोरच्याच्या लेव्हल तुमच्यानुसार बदलतही नाहीत. मर्यादेला टेकलेला पोकेमॉन टीममध्ये ठेवलात की एक्स्पी शेअर त्याला पुढे ढकलतो, त्याला लगेच बॉक्समध्ये टाका. दहा-बारा जण आळीपाळीने वापरावे लागतात.

रिकामटेकडा

पण त्यासाठी सेव्ह पुसायची गरजच नाही हो. स्विचवर प्रत्येक यूझर प्रोफाइलला स्वतंत्र सेव्ह असतो. सिस्टम सेटिंग्जमध्ये नवा यूझर जोडा, त्या नावाने गेम उघडा, कोरी सुरुवात. स्कार्लेटच्या सेव्हचा क्लाउड बॅकअप होत नाही, म्हणजे पुसलं ते कायमचं गेलं.

पुसायचंच असेल तर पोकेमॉन आधी पोकेमॉन होममध्ये (पोकेमॉन साठवायचं अॅप) हलवा. फुकट खात्यात ३० जागा असतात. हातातली वस्तू होममध्ये जात नाही, म्हणजे तुमच्या न वापरलेल्या मिंट, कॅप, पॉवर आयटम सगळं सेव्हबरोबर जाणार.

जुनीकाडतूस

चौथ्या प्रश्नासाठी आलो. जुन्यातलं एकच सांगायचं तर पोकेमॉन एमराल्ड (जपानमध्ये २००४). त्यातल्या बॅटल फ्रंटियरमध्ये सात इमारती आणि प्रत्येकीचा नियम वेगळा. फॅक्टरीत पोकेमॉन भाड्याने मिळतात: सहातले तीन निवडायचे आणि जिंकल्यावर हरलेल्याचा एक अदलाबदल करून घ्यायचा. तिथे तुमची तयारी शून्य, फक्त डोकं चालतं. पिरॅमिडमध्ये अंधार आणि मोजकं सामान. प्रत्येक ठिकाणी आधी रौप्य, मग सुवर्ण चिन्ह. त्या पिढीत व्हिटॅमिन एका गुणाला १०० ई.व्ही. पर्यंतच चालतं, उरलेले माचो ब्रेस देऊन लढूनच भरायचे, एवढं ध्यानात ठेवा. २०१२ चा पोकेमॉन ब्लॅक २ हाही भरगच्च, जुन्या गेममधले लीडर आणि चॅम्पियन एका स्पर्धेत येतात. पण त्यातला कठीण मोड एकदा गेम संपवल्यावर उघडतो आणि सेव्ह पुसला की चावीही पुसली जाते. कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

पोकेमॉनबाहेर:

मॉन्स्टर हंटर स्टोरीज २ (२०२१). प्रत्येक मॉन्स्टीला (पाळलेल्या मॉन्स्टरला) ३×३ चा जनुकांचा चौकोन असतो, एका रंगाची तीन ओळीत आली की बिंगो आणि त्या प्रकारची ताकद वाढते. कथा संपल्यावर खरा खेळ हाच. जनुक देणारा मॉन्स्टी नाहीसा होतो, तेव्हा लाडका मॉन्स्टी चुकून देणाऱ्याच्या जागी ठेवू नका. ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्स: द डार्क प्रिन्समध्येही तेच, दोघं १० लेव्हलला पोचले की संयोग करता येतो आणि दोघंही जातात. ज्याला पकडलेल्यावर जीव लावायची सवय आहे त्याला हे जड जातं, पण संघ सतत नवा राहतो.

शिन मेगामी टेन्सेई ५: व्हेंजन्स (२०२४) मध्ये कथेच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, दुसऱ्यांदा खेळायला खरंखुरं कारण मिळतं. मॉन्स्टर सँक्चुअरीमध्ये तीन विरुद्ध तीन लढाया, आणि चॅम्पियनला किती सफाईने हरवलं त्यावर पाचपर्यंत तारे. तारे कमी पडले की परत जावंसं वाटतंच. नझलॉकची हौस असेल तर कोरोमॉन. सगळ्यात वरची काठिण्यपातळी साधारण त्याच धर्तीची आहे आणि रँडमायझर (कोणता प्राणी कुठे भेटेल ते उलटसुलट करणारी सोय) गेममध्येच दिलेला आहे, तिरकस यांचे नियम वहीत लिहून पाळावे लागत नाहीत. कथा नकोच, नुसते आकडे आणि संघबांधणी हवी असेल तर सिरालिम अल्टिमेट. १,२०० च्या वर प्राणी, तळ नसलेली विवरं. दिसायला साधा, पण महिने खातो.

शंकासुर

सेव्ह ठेवतोय, नवा यूझर काढला. नवा मँकी पकडून व्हिटॅमिन दिली, यावेळी अटॅक आणि एचपी दोन्ही २५२ ला टेकले. शेवटची शंका: ४०० नोंदी पूर्ण करण्यात अर्थ आहे का?

आकडेमोड

शायनी हवे असतील तरच. ४०० झाल्या की जॅक सरांकडून शायनी चार्म मिळतो. एरवी शक्यता ४,०९६ त एक. मास आउटब्रेकमधले (एकाच जातीचा मोठा घोळका) ६० पाडल्यावर सुमारे १,३६५ त एक, चार्म जोडला की ८१९ त एक, वर स्पार्कलिंग पॉवर ३ चं सँडविच खाल्लं तर ५१२ त एक. त्या सँडविचला हर्बा मिस्टिका (दुर्मीळ मसाला) लागते आणि ती मिळते पाच-सहा ताऱ्यांच्या रेडमधून. त्यामुळे आधी अॅनाइहिलेपला कामाला लावा, नोंदी नंतर. स्कार्लेटमध्ये शायनी दूरून चमकत नाही की आवाजही करत नाही. रंगात फरक कळत नसेल तर आपला पोकेमॉन आर दाबून त्याच्यावर सोडा, शायनीवर तो हल्ला करायला तयार होत नाही.