माणसाच्या उचलीची हद्द आली आहे का?

ऐरण

तेवीस वर्षं वेटलिफ्टिंगच्या बारशी झटापट केली, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुलामुलींना शिकवण्यात गेली. एक मत हळूहळू पक्कं होत गेलंय. ते इथे मांडतो, खोडून काढता आलं तर जरूर काढा.

माणूस जमिनीवरून उचलून डोक्यावर जास्तीत जास्त किती वजन नेऊ शकतो, या प्रश्नाचं उत्तर आपल्याला मिळालेलं आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॅनबेरात लिओनिद तारानेंकोने क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यांवर, मग तिथून डोक्यावर) २६६ किलो नेले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये होसेन रेझाजादेह २६३.५ पर्यंत आला. डिसेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला लाशा तालाखाद्झेने २६७ किलो उचलले. तेहेतीस वर्षांत एक किलो! या काळात आहार बदलला, सरावाचं शास्त्र बदललं, प्रत्येक उचल चित्रित करून तपासता येऊ लागली. आकडा मात्र जागचा हलला नाही.

याचं कारण शरीरातच आहे. स्नायूच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन ते तीन किलोची ओढ मिळते, मग तो स्नायू उंदराचा असो की माणसाचा. जास्त ताकद हवी तर स्नायू जाड हवा, आणि स्नायू जाड करायचा तर शरीराचं वजन वाढतं. वजन तिप्पट झालं की स्नायूचा छेद मात्र दुपटीच्या जरासाच वर जातो. म्हणून छोटा माणूस त्याच्या वजनाच्या मानाने नेहमी जास्त उचलतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये साठ किलो गटात नईम सुलेमानोग्लूने १९० किलो उचलले होते, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. लाशाचं वजन १८० च्या आसपास, म्हणजे त्याच्या २६७ चा हिशेब दीडपटसुद्धा होत नाही.

माझ्या मते हद्द आली आहे. यापुढे एखाददुसरा किलो इकडेतिकडे होईल, बस.

निरंतर

पूर्णपणे असहमत. तुम्ही सोयीचा प्रकार निवडलात. डेडलिफ्ट बघा ना, बार जमिनीवरून उचलून मांडीशी धरून सरळ उभं राहायचं. २००६ मध्ये अँडी बोल्टनने पहिल्यांदा हजार पौंड ओलांडले, म्हणजे ४५५ किलोच्या आसपास. २०१६ मध्ये लीड्सला एडी हॉलने ५०० उचलले, तेव्हा सगळे म्हणाले की आता पुढे काही नाही. २०२० मध्ये हाफथोर ब्योर्नसनने ५०१ केले, २०२५ च्या जुलैत ५०५ आणि सप्टेंबरात बर्मिंगहॅमला ५१०. एकोणीस वर्षांत पंचावन्न किलो! हद्द आलेली गोष्ट अशी वाढते का?

आणि हा माणूस जन्मला नोव्हेंबर १९८८ मध्ये, तुमच्या तारानेंकोच्या २६६ वाल्या महिन्यातच. तुमची हद्द ठरली त्या महिन्यात जन्मलेलं मूल छत्तिसाव्या वर्षी ५१० किलोवर पोचलं.

ऐरण

निरंतर, आकडे बरोबर आहेत, पण ते एका पंगतीत बसत नाहीत. बोल्टनने पॉवरलिफ्टिंग या खेळाच्या नियमांत उचलले, तिथे स्ट्रॅप, म्हणजे मनगट बारला बांधणारे पट्टे, वापरायची मुभा नाही. ५००, ५०१, ५१० हे सगळे स्ट्राँगमन या ताकदीच्या स्पर्धांच्या नियमांतले, तिथे स्ट्रॅप चालतात. शिवाय लांब, लवणारा बार असेल तर सगळ्या प्लेट्स एकदम जमीन सोडत नाहीत. आधी बार वाकतो, मग प्लेट्स एकामागून एक उठतात. बार थोडा वर येईपर्यंत पूर्ण भार अंगावर आलेलाच नसतो. हातांतून निसटणं हा डेडलिफ्टचा सगळ्यात मोठा अडसर. तो आपण काढून टाकला आणि म्हणालो, ताकद वाढली.

क्लीन अँड जर्कमध्ये लपायला जागा नाही. म्हणून तो आकडा खरा.

पोलाद

ऐरण, स्ट्रॅपचा मुद्दा इथेच अडकतो. २०२२ मध्ये डॅनी ग्रिग्स्बीने स्ट्रॅप न बांधता ४८७.५ किलो उचलले. शरीराने तो हाफथोरच्या जवळपासही नाही. बोल्टनचे ४५५ ही स्ट्रॅपविनाच होते, म्हणजे बत्तीस किलोंची वाढ स्ट्रॅपशिवायच झाली.

ऐरण

मान्य, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. पण ती सुमो पद्धतीची उचल आहे. पाय फाकवून उभं राहिलं की बारला वर यायचं अंतर कमी होतं.

पोलाद

अंतर कमी होतं, वजन कमी होत नाही. ४८७.५ किलो बोटांनीच धरून ठेवावे लागतात. एकदा सुमो करून बघा म्हणजे कळेल, जमिनीवरून सुटणं तिथे किती जड जातं. पद्धत बदलली की 'ती ताकद नव्हे' म्हणायचं असेल, तर क्लीन अँड जर्कचं तंत्रही काढून टाका. बारखाली शिरायला शिकल्याशिवाय लाशाचे २६७ झालेच नसते.

त्रिज्या

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा वेगळ्या बाजूने बोलते. तुम्ही सगळे स्नायू मोजताय. हद्द स्नायूची नसते, स्नायू हाडाला ज्या कंडरेने बांधलेला असतो तिची असते. २०२३ मध्ये हाफथोरच्या छातीचा स्नायू बेंच प्रेस (पाठीवर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) करताना फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली. स्नायू काही महिन्यांत वाढतो, कंडरा त्या वेगाने वाढत नाही. तरुण लिफ्टर माझ्याकडे येतात त्यांतल्या कितीतरी जणांचं दुखणं एवढंच असतं: मांडी पुढे गेली, गुडघ्याखालची कंडरा मागे राहिली.

पाठीचं म्हणाल तर १९८७ च्या एका स्वीडिश अभ्यासात मोठ्या पॉवरलिफ्टर्सच्या डेडलिफ्टमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यावरचा दाब काढला होता. जास्तीत जास्त आकडा ३६ हजार न्यूटनच्या वर आला. साध्या भाषेत, साडेतीन टनांहून जास्त भार दोन मणक्यांमधल्या बोटभर जाडीच्या गादीवर. अशा वेळी रक्तदाबाचं काय होतं तेही बघा. १९८५ मध्ये कॅनडात धमनीत सुई घालून दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना, म्हणजे यंत्रावरचं वजन ढकलताना, दाब मोजला, तर सरासरी ३२०/२५० आली आणि एका जणाचा ४८०/३५० पर्यंत गेला. ५०० उचलल्यावर एडी हॉलच्या नाकातून रक्त आलं आणि तो कोसळला, ते या आकड्यांपुढे मला मुळीच आश्चर्याचं वाटत नाही.

म्हणून हद्द आहेच, ऐरण. फक्त ती तुम्ही दाखवताय त्या ठिकाणी नाही.

सांधा

मला तर वाटतं हद्द डोक्यात आहे. संकटात आई गाडी उचलते, हे आपण ऐकतोच ना? शरीर ताकद राखून ठेवतं. १९६१ मध्ये इकाई आणि स्टाइनहाउस यांनी कोपर वाकवण्याची ताकद मोजली. माणसाच्या मागे अचानक पिस्तूल उडवलं, त्याला ओरडायला लावलं, संमोहनाखाली नेलं, आणि आकडे वाढले. म्हणजे साठा आहे. तो बाहेर काढायची युक्ती सापडली की २६७ मागे पडतील.

त्रिज्या

सांधा, त्याआधी १९५४ मध्ये मर्टनने उलट दाखवलं होतं. अंगठ्याच्या स्नायूवर माणूस पूर्ण जोर लावत असताना वरून विजेचा झटका दिला, तर ताकदीत काही भर पडली नाही. म्हणजे त्या स्नायूपुरता साठा शून्य. नवशिक्यात साठा असतो, हे मी रोज बघते. पहिल्या दोन महिन्यांत स्नायू न वाढताच वजनं वाढतात. पण पंधरा वर्षं बार उचललेल्या माणसाने तो साठा कधीच वापरून संपवलेला असतो. सराव म्हणजे आणखी काय?

आणि गाडी. गाडीचा एक कोपरा उचलला जातो, तोही चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढा. उरलेली गाडी तीन चाकांवर टेकलेली असते आणि स्प्रिंगही वर ढकलत असते. त्या आईचं धाडस मी कमी लेखत नाही, पण तिने अख्खी गाडी उचललेली नसते.

मेखला

धागा वाचतेय तेव्हापासून एकच गोष्ट खटकतेय. 'माणूस' म्हणताना सगळे पुरुषांचेच आकडे देताय. बायकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली १९८७ मध्ये आणि ऑलिंपिकमध्ये आम्हाला जागा मिळाली ती २००० मध्ये, सिडनीला. तिथे सर्वांत वजनी गटात डिंग मेइयुआनने १६५ किलो उचलून सोनं घेतलं. २०१४ मध्ये तात्याना काशिरिनाने १९३ केले. चौदा वर्षांत अठ्ठावीस किलो! ज्या खेळात निम्म्या माणसांना काल-परवा दार उघडलं, तिथे हद्द आली म्हणायला आधार काय?

मीराबाई चानू बघा. २०२१ मध्ये ४९ किलो गटात ११९ किलो, तेव्हाचा जागतिक विक्रम. असे हात अजून किती गावांत, किती घरांत असतील ज्यांनी बार कधी पाहिलासुद्धा नाही. पुरुषांच्या बाबतीतही तेच म्हणते. जगातल्या सगळ्यांत ताकदवान माणसाने वेटलिफ्टिंगच निवडलं असेल याची खात्री कोण देतं?

ऐरण

मेखला, तुमचा मुद्दा मनाला लागला. माझ्याकडे शिकणाऱ्यांत निम्म्या मुली आहेत आणि तरीही लिहिताना त्या डोळ्यांसमोर आल्या नाहीत, ही चूक माझी. फक्त एक सांगतो. १९३ नंतर २०२१ मध्ये ली वेनवेनने १८७ उचलले, म्हणजे सहा किलो कमी. वाट उघडली, आकडा झपाट्याने चढला आणि मग टेकला. पुरुषांचंही असंच झालं होतं.

पोलाद

टेकला की टेकवला गेला? तुमच्या आकड्यांच्या मागे औषधं आहेत, ते कुणी बोलतच नाही. १९८८ मध्ये स्पर्धेबाहेर तपासणी फारशी नव्हतीच. नंतर २००८ आणि २०१२ ऑलिंपिकचे जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा वेटलिफ्टिंगची पदकं किती गेली ते आठवा. तालाखाद्झेनेही २०१३ पासून दोन वर्षांची बंदी भोगलेली आहे. औषधांनी चढलेल्या आकड्याला स्वच्छ माणूस हळूहळू गाठत असेल, तर बाहेरून रेषा सपाट दिसते, पण आत माणूस वाढत असतो. तुमची तेहेतीस वर्षं कदाचित तीच असतील.

ऐरण

हे मी खोडू शकत नाही. सिद्धही तुम्ही करू शकत नाही, पण आलेख सपाट असण्याचं हे कारण माझ्या कारणाइतकंच तगडं आहे.

आणखी एक स्वतःहूनच कबूल करतो, कारण काल रात्री हिशेब करताना मीच अडकलो. स्नायूच्या छेदाचा नियम नुसता लावला तर नईमच्या १९० वरून १८० किलोच्या माणसाला ३९५ च्या जवळ जायला हवं. लाशा २६७ वर थांबतो. मधले सव्वाशे किलो कुठे गेले? काही चरबीत, काही उंचीत (नईम जेमतेम दीड मीटर, लाशा दोन मीटरला टेकलेला, बारला किती जास्त वर जावं लागतं बघा), पण बाकीचे? त्रिज्या म्हणतात ते कंडरा आणि मणक्यांचं इथे येतं. म्हणजे माझा आकडा कदाचित बरोबर असेल, कारण मात्र मी अर्धंच दिलं.

वेलांटी

मोठ्या माणसांच्या चर्चेत छोटा प्रश्न विचारते. मी डेडलिफ्टमध्ये सात महिने १४० किलोवर अडकले होते. दर वेळी तेच व्हायचं. बार गुडघ्याच्या वर यायचा, मांडीवर पांढरा पट्टा उमटायचा, आणि मग उजव्या हाताची करंगळी आधी उघडायची, तिच्यामागून अनामिका, आणि बार खाली. पाठ अजिबात थकलेली नसायची. मागच्या महिन्यात सरांनी स्ट्रॅप बांधून दिले आणि मी त्याच दिवशी १५५ उचलले. जिममध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र घरी जाईपर्यंत कळेना की माझी ताकद १४० की १५५?

पोलाद

१५५. निःसंशय.

त्रिज्या

१४०. आणि करंगळीचा व्यायाम सुरू करा.

ऐरण

वेलांटी, १५५ तुझ्या पाठीचे आणि पायांचे, १४० तुझ्या बोटांचे. दोन्ही तूच उचललेस. मी आजपर्यंत मुलांच्या वहीत डेडलिफ्टला एकच रकाना आखत होतो. आज सकाळी पट्टी घेऊन सगळ्या वह्यांत दुसरा आखला.