लॉरा आरएस १.८ टीएसआय, १ लाख ६८ हजार किमी: ४,००० आरपीएमच्या वर गाडी ओढतच नाही

फोंडा_आरएस
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची स्कोडा लॉरा आरएस, सहा गिअर मॅन्युअल, इंजिन कंपनीच्याच ट्यूनवर. साखळी-केरीकडून चोर्ला घाट चढताना ४,००० आरपीएमपर्यंत बरी ओढते, मग दमच संपतो. सकाळी थंड इंजिन पहिला मिनिटभर थरथरतं. दीड हजार किमीला एक लिटर ऑइल खातं. चेक इंजिनचा दिवा नाही. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवीन आहेत. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, बदला. एवढा खर्च करण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

पर्वरी_पान्हा
टर्बोला सध्या हात लावू नका. धूर किंवा टर्बोची शिट्टी तुम्ही सांगितलेली नाही, खालच्या आरपीएमला ओढ शाबूत आहे. टर्बोवर ठपका ठेवायला काहीच नाही.

आधी टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम जोडणारी). जोरात पळवून लॉग (आकड्यांची नोंद) घेण्याच्याही आधी. या इंजिनच्या जुन्या टेन्शनरचा (चेन ताणून धरणारा भाग) खटका धरत नाही, आणि चेनने दात सोडून उडी मारली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. व्हीसीडीएसमध्ये (लॅपटॉपवर गाडीचे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर) ग्रुप ०९३, तिसरा आकडा: इनटेक कॅमची फेज पोझिशन, म्हणजे कॅम ठरल्या जागेपासून किती अंश सरकलाय. शून्याच्या आसपास असेल तर चेन ठीक. −४ च्या पुढे गेला तर चेन ताणली आहे, −५ ते −६ म्हणजे बदलायची वेळ झाली. खालच्या टायमिंग कव्हरवरचं रबरी बूच काढून टॉर्चने टेन्शनरही बघता येतो. पिस्टन जितका जास्त बाहेर आलेला, तितकी चेन ढिली. आणि हे तपासेपर्यंत पणजीतल्या आल्तिनोसारख्या चढावर नुसती गिअरमध्ये घालून गाडी उभी करू नका. गाडी मागे रेलली की क्रँक उलटा ढकलला जातो आणि कमजोर टेन्शनर तिथेच दगा देतो. हँडब्रेक पूर्ण ओढा, मगच गिअर.

चेन ठीक निघाली तर दुसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ६,००० एकदाच पूर्ण ॲक्सिलरेटर. दुसराच गिअर घ्या, वेग आवाक्यात राहतो. लॉगमध्ये ग्रुप ११५ (मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब) आणि ग्रुप ०२० (प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन किती मागे ओढलंय). बूस्ट १५० मिलिबारपेक्षा जास्त कमी पडत असेल तर पाइप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाब सोडणारा), वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) या क्रमाने जा. डायव्हर्टर जुन्या पडद्याचा असेल तर तो फाटतोच. सुधारित पिस्टनवाल्याचा नंबर ०६एच १४५ ७१० डी. बूस्ट बरोबर आणि ओढ मात्र नाही, तर हवा टर्बोच्या पुढे कुठेतरी अडतेय.

म्हापसा_टीएसआय
ती इनटेक पोर्टमध्येच, म्हणजे सिलिंडरमध्ये शिरण्याच्या वाटेवरच अडत असणार. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत. क्रँककेसमधली ऑइलची वाफ तिथे बसून भाजते आणि व्हॉल्व्हच्या देठाभोवती काळी, भेगाळलेली खपली धरते. बूस्ट सेन्सर पोर्टच्या अलीकडे असल्यामुळे आकडा चांगला दिसतो, पण जास्त आरपीएमला पुरेशी हवा आत शिरतच नाही. थंड इंजिनची थरथर हीसुद्धा याचीच खूण. टाकीत ओतायच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. ते औषध त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही.

खात्रीचा इलाज म्हणजे अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ब्लास्टिंग. इनटेक मॅनिफोल्ड खाली उतरतो. ज्या सिलिंडरचं काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असलेच पाहिजेत. क्रँक पान्ह्याने, फिरण्याच्या दिशेनेच फिरवून आणा आणि पोर्टमध्ये टॉर्च मारून खात्री करा. व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तरी भुकटी आत जाऊन सिलिंडरवर रेघा पाडते. मॅनिफोल्ड निघताना इंजेक्टर बरोबर उपसून येतात, तेव्हा त्यांच्या टोकाच्या टेफ्लॉन रिंगा नव्या घाला, आणि त्या कोरड्याच बसवायच्या, ऑइल न लावता. मॅनिफोल्डचं गॅस्केटही नवं.

पण पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) तपासल्याशिवाय हे करू नका, नाहीतर खपली लवकरच परत येईल. आयडलवर ऑइलचं झाकण उचलून बघा. ते जोरात ओढलं जात असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि झाकण काढताच तो थांबत असेल, तर पडदा फाटलाय. तसंच चालवत राहिलात तर मागचं क्रँक सीलही जाईल.

वास्को_वायरिंग
किनाऱ्याजवळच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट बघाच. खारी हवा आणि चार महिने पाऊस. कॉइल आणि बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांत मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी बदला.

दुसरं, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). शुद्ध पेट्रोलला हवा वजनाने १४.७ पट लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. जुन्या गाडीत त्यामुळे फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते) सगळीकडे थोडा अधिककडे सरकतो, ती हवेची गळती नव्हे. गळतीत आयडलचा ट्रिम जास्त वाढतो आणि चालत्या गाडीत कमी. ग्रुप ०३२ मध्ये पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालतीचा. रेल प्रेशरही (इंजेक्टरना मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) त्याच लॉगमध्ये घ्या. पूर्ण लोडला ते मागणीच्या खाली घसरलं तर दोष हाय प्रेशर पंपाकडे.

फोंडा_आरएस
लॉग घेतला. ०९३ मध्ये −५.८ आला, म्हणून पूर्ण जोराची धाव टाळली, अर्ध्या ॲक्सिलरेटरवरच घेतली. बूस्टमधला फरक जास्तीत जास्त ४० मिलिबार. ०२० मध्ये तीन सिलिंडर शून्य-एक, पण दुसऱ्याचं ४.५ अंश मागे. ०३२: आयडल +९, चालती +४. रेल प्रेशर मागणीबरोबर. झाकण ओढलं जातंय, शिट्टीही आहे. काँप्रेशन १, ३, ४ मध्ये ११ च्या आसपास, दुसऱ्यात १० बार.

पर्वरी_पान्हा
धाव टाळलीत हे फार बरं केलंत. टर्बो मोकळा सुटला. काँप्रेशन बरं आहे. या इंजिनची खालची मर्यादा ७ बार आणि सिलिंडरांमधला फरक ३ पर्यंत चालतो. ऑइलचा काही हिस्सा पीसीव्हीमुळे, बाकीचा पिस्टनच्या ऑइल रिंगा जाम झाल्यामुळे. तेच ऑइल जळताना पेट्रोलचा ऑक्टेन खाली ओढतं, नॉक होतो (पेट्रोल आपोआप भडकून ठोके बसतात) आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो. दुसऱ्या सिलिंडरचं हेच चाललंय, किंवा त्याच्या पोर्टमध्ये खपली जास्त आहे. ताणलेल्या चेनने इनटेक कॅमही मागे पडतो.

चेनचं काम होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. चेन बदलताना टेन्शनर, गाइड आणि बॅलन्सर शाफ्टच्या चेनही घ्या, एकदा उघडल्यावर अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही. क्रँकचा बोल्ट नवाच, १५० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश. खालचं पत्र्याचं कव्हर काढताना वाकतं, तेही नवं. जुनंच ठोकून बसवलेलं कव्हर गळतं. पीसीव्ही त्याच दिवशी, ब्लास्टिंग त्यानंतर.

ऑइल ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२.०० मान्यतेचं, ४.६ लिटर, आणि बदल दर ७,५०० किमीला. काम झालं की ट्रिमचं अडॅप्टेशन (ईसीयूने साठवलेली दुरुस्ती) शून्य करा, शंभरेक किमी चालवा आणि ०३२ परत बघा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की गळती बंद झाली असं धरा. मगच पूर्ण ॲक्सिलरेटरचा लॉग. दुसरा सिलिंडर तेव्हाही ४ अंश मागे राहिला, तर त्याचा इंजेक्टर तिसऱ्याशी अदलाबदल करून बघा.