पहिलंच स्कीइंग आणि सोबत लहान मुलं: गुदाउरी की बाकुरियानी?

केवडा (दुबई)

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की आखातातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एकच प्रश्न फिरायला लागतो. मुलांना बर्फ दाखवायचाय, स्कीइंगही शिकवायचंय, कुठे जाऊ? बहुतेक जण डोळे मिटून जॉर्जिया देशातल्या गुदाउरीचं नाव देतात. राजधानी तिबिलिसीपर्यंत विमान, पुढे सुमारे १२० किलोमीटर रस्ता, आणि हॉटेलच्या दारातच उतार. मीही असंच ऐकून गेल्या जानेवारीत गेले. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. माझं मत आता पक्कं झालंय: घरात कुणीच कधी स्की पायात घातलेली नसेल आणि मुलं लहान असतील, तर जॉर्जियात बाकुरियानीला जा. गुदाउरी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

गुदाउरी साधारण २,२०० मीटरवर वसलंय आणि लिफ्ट ३,२०० मीटरच्या वर जातात. एवढ्या उंचीवर झाडं नाहीत. ऊन असेल तर दृश्य स्वर्गासारखं, पण ढग उतरले की नजरेला धरायला काहीच उरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तसंच झालं. बर्फावर सावलीच पडेना, त्यामुळे पुढे उतार आहे की खड्डा, ते पाय टेकल्यावरच कळायचं. लेक माझ्यापासून चार हातांवर होती, गुलाबी जॅकेट तेवढं दिसत होतं. तिने विचारलं, "आई, मी थांबलेय की चाललेय?" ती थांबलेली होती. शिक्षकाने तिला हाताला धरून व्यवस्थित खाली आणलं, त्याची काही चूक नव्हती. पण तिसऱ्या दिवशी तिने बूट घालायला साफ नकार दिला आणि उरलेले दोन दिवस आम्ही खोलीतून बर्फ बघितला.

फेब्रुवारीतल्या छोट्या सुट्टीत हिंमत करून बाकुरियानीला गेलो. उंची सुमारे १,७०० मीटर, सगळीकडे सूचिपर्णी झाडांचं रान. आभाळ भरलं तरी काळ्या-हिरव्या खोडांवरून उताराचा अंदाज येतो. मुलांचे उतार इतके सौम्य की खाली सपाटीवर माणूस आपोआप थांबतो. धाकटा मॅजिक कार्पेटवर, म्हणजे त्या सरकत्या पट्ट्यावर, उभा राहून वर जायचा आणि स्कीची टोकं जुळवून, मागचा भाग फाकवून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करत खाली यायचा. चौथ्या दिवशी लेकही त्याच्यामागे गेली, मी न सांगता.

गडवाट (पुणे)

केवडाताई, तुमच्या लेकीचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण एका ढगाळ दुपारीवरून अख्ख्या गावाला नापास करणं मला पटत नाही. मी दोनदा गुदाउरीला गेलोय, दोन्ही वेळा नवशिके सोबत होते. तिथले उतार रुंद आहेत, आणि शिकाऊ माणसाला सगळ्यात जास्त गरज रुंदीची असते. अरुंद वाटेवर दोन्हीकडे झाडं असली की घाबरलेला माणूस झाडांकडेच बघतो, आणि जिकडे बघतो तिकडेच जातो. सायकल शिकताना खांबावर आदळतो ना, तसंच.

दुसरं, सुट्टीचा महिना. तुम्ही फेब्रुवारीत गेलात म्हणून बाकुरियानी गुणी वाटलं. आपल्या बहुतेक लोकांना सुट्टी नाताळात असते. त्या दिवसांत १,७०० मीटरवर पुरेसा बर्फ असेलच असं नाही. पाचशे मीटर वरचं गाव तेव्हा उगाच महाग वाटत नाही. ढगाळ दिवसासाठी पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा गॉगल मिळतो, त्यात उंचसखल बरंच कळतं. आणि ढग आले की लिफ्टने वर जायचंच नाही, खालच्या पट्ट्यावर सराव करायचा. शिकवणारा चांगला आणि गट लहान असेल तर गाव कुठलंही चालतं.

इझारकाठ (म्युनिक)

दोघांशीही असहमत. तुम्ही दोघंही डोंगराबद्दल बोलताय. कुटुंबासाठी मी आधी गाव बघतो. दर हिवाळ्याला आम्ही इथून ऑस्ट्रियात जातो. मुलं लहान होती तेव्हा तीन वर्षं टिरोलमधल्या झेरफाउसला गेलो. स्की खांद्यावर, एका हाताला रडणारं पोर, पायात दगडासारखे बूट, अशा अवस्थेत बर्फातून चारशे पावलं चालायला लागली तर शिकवणी सुरू होण्याआधीच दिवस संपतो. झेरफाउसच्या मुख्य रस्त्याखालून १९८५ पासून छोटी भुयारी गाडी धावते, हवेच्या गादीवर तरंगणारी. तिकीट नाही. गाड्या गावाच्या तोंडाशी ठेवायच्या, आणि त्या गाडीने थेट लिफ्टच्या पायथ्याला. तिथे मुलांसाठी आखलेलं स्वतंत्र मैदान आहे, जेवणासकट. सकाळी दहाला मूल सोपवलं की आईवडिलांनाही शिकायला वेळ मिळतो. ही सोय नसेल तर आईबाप आळीपाळीने मूल सांभाळतात आणि सुट्टीवरून भांडून परत येतात.

खर्च जास्त आहे, नाकारत नाही. पण स्वस्त सहलीत मूल घाबरून घरी आलं तर ते पैसे गेलेच की.

दोन गोष्टी कुठेही जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. एक, रंगांवर विसंबू नका. फ्रान्समध्ये सगळ्यात सोपा उतार हिरवा, निळा त्यानंतरचा. ऑस्ट्रियात सोप्यालाच निळा म्हणतात. जपानात हिरव्यानंतर थेट लाल येतो. एका देशात 'निळा जमतो' म्हणणारं मूल दुसऱ्या देशातल्या निळ्यावर अडकू शकतं. दुसरं, विमा. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा स्कीइंग धरलेलं नसतं, ते वेगळं सांगून जोडून घ्यावं लागतं. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर बिल तुमच्या नावाने येतं. इटलीत तर २०२२ पासून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा नसेल तर उतारावर जायचंच नाही, असा कायदा आहे.

योकोहामाकर

पाच-पाच दिवस आधीच आरक्षित करायची घाई का? मुलाला थंडी सोसते का, बूट पायाला चालतात का, हेच माहीत नसताना आठवडा स्कीइंगला बांधून टाकणं मला पहिल्यापासून चुकीचं वाटतं. जपानला येत असाल तर तोक्योहून गाला युझावाला या. शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, साधारण सव्वा तासात पोचवते आणि स्टेशन म्हणजेच स्की केंद्र. रेल्वेचं फाटक ओलांडलं की कपडे, बूट, स्की सगळं भाड्याने, तिथूनच गोंडोला (बंद केबलगाडी) वर. स्टेशन फक्त हिवाळ्यात उघडतं. सकाळी जा, संध्याकाळी तोक्योत गरम रामेन खा. आवडलं तर पुढच्या वर्षी आठवडा काढा. नाही आवडलं तर एक दिवस गेला, बस.

उत्तर जपानमधल्या निसेकोच्या भुसभुशीत, म्हणजे 'पावडर' बर्फाचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. सैबेरियाचे गार वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलून होक्काइदोवर ओततात, म्हणून तो बर्फ इतका हलका. पण तो मुरलेल्यांचा आनंद. शिकाऊ माणूस त्यात गुडघ्यापर्यंत रुततो. त्याला रात्री यंत्राने दाबून सपाट केलेला उतारच हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी मिळतो. तेव्हा नुसत्या 'पावडर'च्या नावावर जास्तीचे पैसे मोजू नका.

चिनारपान (नागपूर)

गुलमर्गचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. शिक्षक हिंदीत बोलतो, पाच वर्षांच्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. "घुटने मोड़ो" हे त्याला लगेच कळतं. खालच्या कुरणातले उतार नवशिक्यांसाठीच आहेत, सरकारी स्कीइंग संस्थेचे वर्गही तिथे चालतात. गोंडोला पुढे अफरवटच्या डोंगरावर जाते, पण मुलांना तिकडे न्यायची गरज नाही. पहिले चार दिवस आपल्या भाषेत शिका, मग खुशाल परदेशी जा.

केवडा

चिनारपान, भाषेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या धाकट्याला शिक्षकाचे 'पिझ्झा' आणि 'स्टॉप' हे दोनच शब्द कळत होते. पण जानेवारी २०२४ आठवतो का? चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीच्या, ऐन दिवसांत गुलमर्ग कोरडं होतं, तपकिरी गवताचे फोटो सगळीकडे फिरत होते. आमची तिकिटं तीन महिने आधी काढलेली असतात, तेव्हा हा जुगार परवडत नाही.

चिनारपान

ते वर्ष वाईटच होतं. फेब्रुवारीत पुन्हा बर्फ झाला, पण तुमची सुट्टी तोवर संपली असणार. मग असं म्हणतो: ज्यांना फेब्रुवारीत जमतं त्यांच्यासाठी गुलमर्ग.

सोलापूरची आजी

मी सहासष्ट वर्षांची. मुलगा-सून दोन वर्षांपूर्वी मला एका बर्फाच्या गावी घेऊन गेले होते, नाव लिहीत नाही. तुम्ही सगळे शिकणाऱ्यांचं बोलताय. न शिकणारं माणूसही कुटुंबातच असतं ना? गावात चालायला सपाट रस्ता नव्हता, सगळा गोठून काचेसारखा झालेला. गुडघ्यामुळे मी बाहेर पडू शकले नाही. चार दिवस खिडकीशी बसून ओले हातमोजे हीटरवर वाळवत होते. कुणाचा राग नाही, पण पुन्हा तसं जाणार नाही.

मागच्या वर्षी कझाकस्तानातल्या अल्माटीला नेलं. राहिलो शहरात. शहराजवळच्या मेदेऊपासून केबलगाडीत बसलं की डोंगर चढत थेट शिम्बुलाकच्या स्की उतारांपाशी. मी स्की न घालता वर गेले, काचेतून सूचिपर्णी झाडं बघितली, उन्हात बाकावर बसून नातवाला पडताना-उठताना पाहिलं, आणि चारला खाली शहरात. संध्याकाळी कोरड्या फुटपाथवर फिरले. जागा निवडताना हे पण विचारा: ज्याला स्की करायची नाही त्याने दिवसभर करायचं काय?

गडवाट

आजी, नमस्कार. हा प्रश्न मी कधी विचारातच घेतला नव्हता. गुदाउरीत तुमचे हालच झाले असते, खरं सांगतो. गाव रस्त्याच्या कडेने लांबलचक पसरलंय आणि तोच रस्ता पुढे रशियाच्या सीमेकडे जातो, त्यामुळे ट्रकांची रांग लागलेली असते. वयस्कर माणसाला पायी हिंडण्यासारखं फार नाही.

नवशिक्यांच्या उताराबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

केवडा

गडवाट, नाताळातल्या बर्फाबद्दल तुमचं बरोबर आहे. वर 'बाकुरियानीला जा' असं सरसकट लिहिलं, त्यात 'फेब्रुवारीत' हा शब्द हवा होता. पण झाडांबद्दल मी मागे हटणार नाही. पिवळी काच मोठ्यांना उपयोगी. आठ वर्षांच्या मुलीची भीती काचेने जात नाही. तुम्ही म्हणता ढग आले की खाली थांबा, पण आमचे ढग लिफ्टवर बसल्यानंतर आले.

इझारकाठ, भुयारी गाडीचं वाचून हेवा वाटला. खर्चाचा हिशेब मांडला, या वर्षी शक्य नाही. पण तुमचा 'चारशे पावलं'चा मुद्दा मी कागदावर लिहून ठेवलाय. आता हॉटेल शोधताना पहिला फोन तोच असतो: स्की शाळा किती पावलांवर?

आजी, तुमचं वाचून आईला फोन केला. ती यंदा येतेय. बाकुरियानीपासून तासाभराच्या आत बोरजोमी आहे, तिथल्या बागेत खनिज पाण्याचा झरा आहे आणि फिरायला बांधलेली वाट. एक दिवस स्की बंद ठेवून सगळेच तिकडे जाऊ.

लेकीला विचारलं, पुन्हा यायचंय का. तिने आधी फोटो मागितले, झाडं मोजली, आणि मग हो म्हणाली.