अंतराळात ८ बिया उगवल्या, त्यावरून काय धरायचं?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)
मी शाळेत विज्ञान शिकवते. ३० डिसेंबर २०२४ ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी६० रॉकेट उडालं. त्याच्या चौथ्या टप्प्यावर बंद पेटीत चवळीच्या ८ बिया होत्या, चार दिवसांत अंकुर फुटले. ही बातमी वर्गात सांगितली, तर नववीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी पेरणीआधी सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. ७० उगवले तरच ते बी पेरायचं. मग इथं ८ वर कसं काय भागलं?" तिला गप्प बसवायचं नाही. अंतराळातल्या प्रयोगांचे छापून आलेले आकडे कितपत धरायचे? चाचण्यांचं काम केलेल्या कुणीतरी सांगा.

उत्तर (परभणी)
मॅडम, त्या पोरीला आधी शाबासकी द्या. मी ज्वारीच्या वाणांच्या चाचण्यांवर बरीच वर्षं काढली. एक वाण कधीच एका वाफ्यात पेरत नसत. तीन-चार ठिकाणी विखरून पेरायचा, शेजारी तुलनेचा वाण ठेवायचा. रानाचा एक कोपरा भारी काळा, दुसरा मुरमाड, म्हणून. एकाच वाफ्याचं उत्पन्न लिहून नेलं तर साहेब तक्ता परत करायचे.

त्या ८ बियांवरून उगवणीचा टक्का काढताच येत नाही. ते काम त्यासाठी नव्हतंच. त्या पेटीत बी रुजतं का आणि दोन पानांपर्यंत जगतं का, एवढंच बघायचं होतं. तेवढा दावा मला पटतो. "अंतराळात शेती जमली" असं कुणी लिहिलं तर मानू नका.

माझ्या मते खरा घोळ दुसरीकडे असतो. रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर १९९६-९७ मध्ये गहू लावला होता. ओंब्या लागल्या, पण दाणा भरला नाही. दोष गुरुत्वाकर्षण नसण्यावर ढकलणं सोपं होतं. पण स्थानकाच्या हवेत इथिलीन साचलेलं होतं, केळी पिकवायला वापरतात तोच वायू. जमिनीवर तेवढ्या इथिलीनमध्ये गहू वाढवला, तर तिथंही ओंब्या पोकळच. पुढं दुसऱ्या वाणाला मीरवरच दाणे आले. म्हणून असा कुठलाही निकाल वाचताना मी आधी शोधतो, तेच बी, तशीच पेटी, तशीच हवा देऊन जमिनीवर जोडप्रयोग केला होता का. त्याचा उल्लेख नसेल तर मी तो निकाल बाजूला ठेवतो.

उत्तर (लातूर)
काकांचं पटलं. फक्त "छापून आलेलं" म्हणजे पेपरात की शोधनिबंधात, हे मुलांना वेगळं करून सांगा. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस अंतराळात राहिला, जुळा भाऊ मार्क जमिनीवर. मार्च २०१८ मध्ये जगभर बातम्या आल्या, त्याचा ७ टक्के डीएनए बदलला! नासाला खुलासा करावा लागला: डीएनए तोच, काही जनुकांचं काम पूर्ववत झालं नव्हतं. निबंध २०१९ मध्ये आला आणि तोही एकाच जोडीवरचा.

उत्तर (नांदेड)
मूळ नोंदी बघायला मिळतात, हे राहिलंच. नासाच्या जीनलॅब या संकेतस्थळावर अंतराळात नेलेल्या वनस्पती, उंदीर यांच्या प्रयोगांची माहिती खुली आहे. आपल्या चंद्रयानाचा डेटाही इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आहे, नाव नोंदवलं की उतरवता येतो.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. काका, वर्गात करून दाखवता येईल असं काही सुचवाल का?

उत्तर (परभणी)
गोणपाटच घ्या. ७० टक्के उगवणारं सोयाबीन आणा आणि पोरांना ८-८ दाणे वाटा. कुणाचे ४ उगवतील, कुणाचे ७. आठच्या आठ उगवण्याची शक्यता शेकडा ६ च्या आसपास असते, म्हणजे पुरेसे गट असले तर एखाद्याचे तसेही येतील. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा आणि त्या पोरीलाच विचारा, यातल्या कुठल्या आठांवर बातमी छापायची.