बिझनेसची पदवी: ऑनलाइन की वर्गात बसून? करून बसलेल्यांनी लिहा

इंजिनिअर म्हणून लागले त्याला नऊ वर्षं झाली. आता हाताखाली अकरा माणसं आहेत आणि बजेटच्या मीटिंगमध्ये मी फक्त मान डोलावते, कारण मला ताळेबंद वाचता येत नाही. एमबीए करायचं हे पक्कं. नोकरी सोडून दोन वर्षं वर्गात बसायचं, की नोकरी सांभाळून ऑनलाइन, इथे गाडी अडलीय. माहितीपत्रकं भरपूर वाचली, सगळ्यांत माणसं हसतच असतात. म्हणून ज्यांनी खरंच केलंय त्यांनी लिहा. अर्ध्यात सोडलेल्यांनी तर जरूर लिहा.

रातकिडा

ऑनलाइन. दोन वर्षांचं तीन वर्षांत उरकलं. 'केव्हाही बघता येतं' म्हणजे 'आज नको', हे कळायला माझी १४ लेक्चरं तुंबली. शेवटी लाइव्ह तास असलेले विषयच आधी घ्यायला लागलो. कुणीतरी हजेरी घेणार असेल तर मी बसतो, नाहीतर नाही. स्वभावाला औषध नाही.

पण वर्गातल्यांना न मिळणारी एक गंमत सांगतो. खेळत्या भांडवलाचा धडा चालू होता. माल जितके दिवस पडून राहतो त्यात गिऱ्हाइकाकडून पैसे यायला लागणारे दिवस मिळवायचे आणि आपण पुरवठादाराला जितक्या दिवसांनी पैसे देतो ते वजा करायचे. पुस्तकात तीन ओळी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचेच आकडे घातले: ५२ अधिक ६८, वजा ३०. म्हणजे ९० दिवस! तीन महिने आमचा पैसा गोदामात आणि दुसऱ्यांच्या खिशात अडकलेला. विक्री वाढतेय तरी पगाराच्या तारखेला ओढाताण का होते, ते त्या दिवशी उमगलं. रात्री शिकलेलं सकाळी वापरून बघता येणं, माझ्या मते ऑनलाइनची खरी कमाई एवढीच.

मागचा बाक

मी नोकरी सोडून गेलो. आमच्याकडे बरंचसं शिक्षण केस पद्धतीने होतं, हार्वर्डने १९२० च्या दशकात रुळवली तीच. वीसेक पानांत एका कंपनीची अर्धवट माहिती आणि शेवटी प्रश्न: आता काय कराल? प्राध्यापक नेमके हात खाली असलेल्याला उठवतात. पहिल्याच आठवड्यात माझी पाळी आली आणि मी न वाचता आलेलो. ऐंशी जणांसमोर काय बोललो ते आठवतही नाही, पण त्यानंतर न वाचता गेलो नाही. ही लाज कॅमेरा बंद ठेवून वाट्याला येत नाही.

दुसरी बाजूही ऐका. फायनान्सच्या असाइनमेंटला मी स्वतःच्याच निर्णयाचा हिशेब मांडला. फी, दोन वर्षांचा बुडालेला पगार, कर्जाचं व्याज, पुढची अपेक्षित पगारवाढ, सगळं आजच्या किमतीत, म्हणजे पुढच्या वर्षांचे पैसे दरसाल ठरावीक दराने कमी धरून. ८ टक्के दराने जेमतेम अधिक, १२ टक्क्यांनी चक्क उणे. फीपेक्षा बुडालेला पगारच मोठा निघाला. सरांनी पूर्ण मार्क दिले.

झोपेचं खोबरं

ऑनलाइन, मूल दोन वर्षांचं असताना. परीक्षेला कॅमेरा चालू. लेक उठून खोलीत आली, सॉफ्टवेअरने 'अनोळखी व्यक्ती' अशी नोंद केली आणि माझा निकाल पाच आठवडे अडकला. तीन पत्रं लिहिली तेव्हा सुटला. परीक्षा केंद्रावर देण्याची सोय आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा. बाकी माझी तक्रार नाही, वर्गात जाणं मला शक्यच नव्हतं.

टेबलापलीकडची

मी माणसं निवडते. पदवी कुठली हे आम्ही बघतो, ऑनलाइन की कसं हे पुष्कळदा विचारतही नाही. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर एमबीए सुरू केलं आणि २०१९ मध्ये वर्गातलं एमबीए बंद करायचं ठरवलं. त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे दुय्यम' हे जुनं झालं. मान्यता मात्र तपासा. बिझनेसच्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्यांत एएसीएसबी १९१६ पासूनची संस्था, एएमबीए १९६७ ची, शिवाय इक्विस ही मान्यता आहे. शाळेच्या जाहिरातीतला शिक्का धरू नका, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव शोधा.

आता कडू गोष्ट. क्षेत्रच बदलायचं असेल तर ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका. इंजिनिअरची कन्सल्टंट होते ती बहुधा दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळी इंटर्नशिपमुळे, आणि तिथे आम्ही कॅम्पसवर जातो. घरी बसून शिकणाऱ्याला शोधत कुणी येत नाही. आहात तिथेच वर चढायचं असेल तर दोन वर्षांचा पगार सोडण्यात मला अर्थ दिसत नाही.

अर्धा डाव

ऑनलाइन, तिसऱ्या सत्रात सोडलं. गटातले पाच जण चार टाइमझोनमध्ये, त्यामुळे मीटिंग माझ्या पहाटे ४ वाजता. दोन जण यायचेच नाहीत, मार्क सगळ्यांना सारखे. धागाकर्तीला सांगणं एकच: आधी अकाउंटिंगचा एक सुटा कोर्स सहा आठवडे करून बघा. तिथे कंटाळलात तर थोडक्यात सुटलात.

धागाकर्ती

टेबलापलीकडची, तुमचा क्षेत्र बदलण्याचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. मला क्षेत्र बदलायचं नाहीये, आहे तिथेच नीट उभं राहायचंय. म्हणजे ऑनलाइन. अकाउंटिंगचा कोर्स सुरू केला, डेबिट-क्रेडिटने घाम फोडलाय. एका ठिकाणी लाइव्ह तासांचं वेळापत्रक मागितलं, तर उत्तर आलं, 'आमच्याकडे सगळं तुमच्या सोयीने असतं.' म्हणजे लाइव्ह तास नाहीतच, असं समजायचं ना?

रातकिडा

हो. पळा तिथून.