तालुक्यात इंग्रजी शिक्षकांचं डिजिटल साहित्य प्रशिक्षण: दोन दिवसांत काय बसवावं?

मांजराकाठ:
लातूर जिल्ह्यात गटसाधन केंद्रावर सहावी ते आठवीच्या ३० इंग्रजी शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. लॅपटॉप ८, नेटचा भरवसा नाही. कॅनव्हा, गूगल फॉर्म, व्हिडिओ एडिटिंग सगळंच घ्या असा आग्रह चाललाय. काय ठेवावं, काय गाळावं?

खडूफळा:
निम्म्याहून जास्त गाळा, सर. चौघांच्या गटाकडून एकच वस्तू पुरी करून घ्या: दीड मिनिटाचा ऐकायचा संवाद आणि त्यावर सहा प्रश्न. दुसऱ्या गटाच्या मोबाइलवर नेट बंद ठेवून चालली, तरच ती झाली म्हणायचं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लॅपटॉप उघडूच नका. कागदावर उद्दिष्ट एका ओळीत लिहून घ्या. ‘दिशादर्शक शब्द समजणे’ हे मोघम झालं. ‘टर्न लेफ्ट, गो पास्ट, ऑपोझिट ऐकून नकाशावर दुकान शोधणे’ असं हवं. नकाशा लातूरच्या गंजगोलाई चौकाचा घ्या. १६ रस्ते एका ठिकाणी मिळतात, आणखी काय पाहिजे? ‘संवादातल्या बाईचं नाव काय?’ असले प्रश्न मात्र खोडा. त्यात कान नाही, पाठांतर तपासलं जातं.

ध्वनिफीत:
रेकॉर्डिंगला पत्र्याची खोली नको, आवाज घुमतो. पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला. समोर धरला की ‘प’, ‘ब’ला हवेचा फटका बसतो. सुरुवातीला ३ सेकंद गप्प राहायचं. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) तेवढाच तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल, म्हणजे खोलीतल्या खरखरीचा नमुना घ्या, मग सगळा आवाज निवडून नॉइज रिडक्शन लावा. मोनो, ६४ केबीपीएसला एमपी३ केली की मिनिटाला साधारण ४८० केबी लागतात.

शिक्षक ‘गो-टू-द-बँक’ असं सुटं सुटं वाचतात, ते थांबवा. वेग नेहमीचा ठेवा, वाक्यांमध्ये श्वास घ्या. आणि ‘वेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले की ‘व्हेस्ट’ होतं. दिशा विचारली अन् बनियन मिळालं!

खडूफळा:
प्रश्नांसाठी गूगल फॉर्म इथे कामाचा नाही. नेट लागतं, शिवाय नुसती ऑडिओ फाइल त्यात थेट बसत नाही. लुमी हे सॉफ्टवेअर घ्या. त्यात एचफाईव्हपीचे (स्क्रीनवर सोडवायच्या प्रश्नांचा एक साचा) प्रश्नप्रकार लॅपटॉपवरच बनतात आणि ऑडिओसकट एकच एचटीएमएल फाइल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं पान निघतं. फक्त हवे ते प्रश्नप्रकार आठही लॅपटॉपवर आदल्या दिवशीच नेटवरून उतरवून ठेवा, नाहीतर सकाळ त्यातच जाते.

गाळलेल्या जागांत उत्तर दोन ताऱ्यांमध्ये आणि पर्याय तिरक्या रेघेने: \*डोन्ट/डू नॉट\*. ‘डोन्ट’मधली अपॉस्ट्रॉफी (वरची खूण) काही मोबाइल सरळ टाकतात, काही वाकडी. सरळ आणि वाकडी अशी दोन्ही रूपंही दिली नाहीत तर मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरतं. केस सेन्सिटिव्हची (कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक धरण्याची) खूणही काढून टाका.

मांजराकाठ:
फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून क्यूआर दिला तर?

ध्वनिफीत:
ड्राइव्हवर एचटीएमएल चालत नाही, नुसता कोड दिसतो. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि उघडताना क्रोम निवडायला सांगा. साध्या व्ह्यूअरमध्ये बटणं मरतात. क्यूआर एमपी३साठी ठीक. परवानगी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी हवी. फाइल सुधारली तर जुनी काढून नवी टाकू नका, लिंक बदलते आणि छापलेला क्यूआर वाया जातो. ‘आवृत्त्या व्यवस्थापित करा’मधून बदला.